आनंद आटला असं वाटतं तेव्हा

बाळा, बाप्तिस्म्याच्या वेळचा उत्साह ओसरला म्हणून विश्वासही गेला, असं समजू नकोस. तुझ्यासारखी घरापासून लांब, वास्कोत नोकरीला आलेली मुलं हे हमखास विचारतात.

आज रात्री बायबलातलं स्तोत्र १३ मोठ्यानं वाच. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत दावीद राजा चार वेळा देवाला विचारतो, ‘कोठवर?’ आणि शेवटी गायला लागतो. मधल्या काळात त्याचे वैरी कुठे गेलेले नाहीत. त्यानं फक्त देवाच्या दयेवर भरवसा टाकलाय. म्हणून प्रार्थनेत आधी तक्रार कर, अगदी खोलीभाडं, साहेबांचा त्रास, सगळं नाव घेऊन सांग. गोड बोलायची गरज नाही. मग देवानं आजवर कुठे सांभाळलं ते आठव आणि वहीत लिही.

प्रेषित पौलानंही ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ हे फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, बंदिवासातूनच लिहिलं.

रविवारची उपासना मात्र चुकवू नकोस. मन नसेल तरी जा, इतरांचं गाणं ऐकत बस. एकट्यानं झुरण्यापेक्षा ते कितीतरी बरं. आणि झोप पुरेशी घे. थकव्याला आपण उगाच अविश्वास म्हणतो. महिनोन् महिने उदासी हटली नाही, तर चर्चच्या पाळकांशी बोल आणि डॉक्टरांनाही दाखव.