शंटिंग चालतं, मग सुखोई का नाही?

मी जळगावात समुपदेशक. माझ्यासमोर हल्ली एक तक्रार सारखी येते. लेक पुण्यात, घर लोहगाव-धानोरीकडे, डोक्यावरून सुखोईसारखी लढाऊ विमानं. "मॅडम, बाळाच्या कानाला काही होईल का?"

भुसावळची अशीच एक मुलगी बाळंतपणाला माहेरी आलेली. बाळ चार महिन्यांचं झालं तरी परतायचं नाव काढेना. पहिल्या भेटीत मी चुकले. म्हणाले, "होईल सवय." ती फटकन म्हणाली, "झाली असती तर तुमच्याकडे आले असते का?" लोहगावचा हवाई तळ १९३९ चा, वस्ती नंतरची, हेही सांगून पाहिलं. थरथरणाऱ्या खिडकीपुढे इतिहास काय कामाचा!

तिसऱ्या भेटीत विचारलं, "लहानपणी कुठं राहायचीस?"

"रेल्वे क्वार्टरात. बाबा ड्रायव्हर."

"झोप लागायची?"

"मेल्यासारखी." तिलाच हसू आलं. "रात्रभर शंटिंग, डबे जोडण्या-तोडण्याचा खडखडाट. पण ते आपलं होतं ना. बाबा कोणत्या गाडीवर, कधी येणार, आईला सगळं पाठ."

"आणि विमान?"

बराच वेळ ती झबल्याची नाडी बोटाला गुंडाळत राहिली. "विमान जातं मिनिटात. मी दिवसभर पुढच्याची वाट बघते."

या वाक्यासाठी मी तीन भेटी थांबले होते. मी सांगितलं असतं तर ते सल्ला झालं असतं. माझा पिंड मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर पोसलेला: घटनेइतकंच, कधीकधी जास्त, छळतं ते आपण मनात घोकलेलं वाक्य. हिचं वाक्य होतं, 'कधीही येईल, आणि माझ्या हातात काही नाही.'

म्हणून आधी हातात काहीतरी दिलं. बाळाचा पाळणा धावपट्टीच्या विरुद्ध बाजूच्या खोलीत. खिडकीच्या फटींना रबरी पट्टी. दुपारी पंखा किंवा कूलर, पाळण्यापासून लांब. त्याच्या एकसुरी घरघरीत अचानकपणा बोथट होतो. हे आधी, कारण मनाला कितीही समजावलं तरी झोपेत आवाजानं नाडी वाढायची ती वाढतेच. बाळाचं म्हणाल तर या वयात दचकणं स्वाभाविक. मोठ्या आवाजाला ते दचकतच नसेल तर मात्र कान तपासून घ्या. तशीही शंका असेल तर एकदा तपासून मोकळं व्हावं.

आणि वही. विमानांच्या वेळा लिहायच्या, पण लिहायच्या नवऱ्यानं. 'तूच नाजूक' हे त्याचं पालुपद होतं.

दोन आठवड्यांनी त्यानं पानांचे फोटो पाठवले. रविवार जवळजवळ कोरे. एका मंगळवारी मात्र वेळेपुढे लिहिलं होतं, 'मीपण दचकलो. चहा सांडला.'

तिकीट तिनं त्याच संध्याकाळी काढलं.