पालवी फुटली म्हणजे कलम जुळले असे नव्हे

प्रश्न : पाचर कलमांना (मुळे असलेला खुंट चिरून त्यात पाचरीसारखी तासलेली काडी बसवतात ती) छान पालवी फुटली, पण काही दिवसांत कोंब मलूल होऊन वाळले. खत कमी पडले का? शिवाय खुंटाचा रस वर चढतो, मग फळाची जात बदलेल का?

उत्तर : खत कमी पडलेले नाही, आता घालूही नका. कलमकाडीत, म्हणजे खुंटावर बसवलेल्या हव्या त्या जातीच्या काडीत, साठवलेले अन्न असते आणि पहिली पालवी बहुतेक त्या शिदोरीवरच फुटते. शिदोरी संपली, पानांतून पाणी उडू लागले आणि खालून पुरवठा आला नाही, की कोंब मान टाकतो. तुमच्याकडे हेच घडलेले दिसते.

काप घेतल्यावर दोन्ही जखमांतून मऊ पेशींचा पुंजका वाढतो आणि फट बुजवतो. त्याला कॅलस म्हणतात. त्यातून थोडे पाणी झिरपते, पण तेवढ्यावर झाड जगत नाही. खरी जोडणी होते ती सालीखालच्या ओलसर, पातळ थरामुळे, म्हणजे कॅम्बियममुळे. दोन्हीकडचे थर भिडले, की मधल्या कॅलसमधून नवा कॅम्बियम सांधला जातो आणि तो आत पाणी वर नेणाऱ्या जलवाहिन्या, बाहेर पानांतली साखर वाहणाऱ्या रसवाहिन्या घडवतो. कोंबातून खाली उतरणारे ऑक्झिन हे संजीवक या कामाला चालना देते. अ‍ॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या इवल्या रोपात रसवाहिन्या साधारण 3 दिवसांत आणि जलवाहिन्या 7 दिवसांत जुळतात. फळझाडांना कित्येक आठवडे लागतात.

म्हणून काडी खुंटापेक्षा बारीक असेल तर ती मधोमध बसवू नका. निदान एका बाजूला सालीच्या आतली कड कडेला भिडू द्या. पाते धारदार हवे, काप एका ओढीत घ्या आणि पट्टी घट्ट आवळा. वाळलेली दोन-चार कलमे उभी चिरून पाहा. कॅलस दिसूनही मध्ये फट असेल, तर बांधणी सैल होती किंवा काप सपाट नव्हता.

आता फळाचे. पाणी, नत्र, कॅल्शियम खुंटातून वर जाते, पानांनी केलेली साखर खाली उतरते. काही प्रथिने आणि आरएनए हे जनुकांचे निरोप वाहणारे रेणूही सांधा ओलांडतात. तरी फळाची जात कलमकाडीचीच राहते. झाडाची उंची, जोम, क्षार सोसण्याची ताकद मात्र खुंटावर बरीच अवलंबून असते, तेव्हा खुंट निवडताना घाई नको. काही जोड्या मुळातच पटत नाहीत. क्विन्स या नासपतीच्या नात्यातल्या फळझाडाच्या खुंटातले प्रुनासिन हे रसायन नासपतीच्या काही जातींत शिरते, सांध्याजवळ फुटून सायनाइड तयार होते आणि जोड बिघडतो.

सांध्याखालून येणारे फुटवे खुंटाचे असतात, ते दिसताच काढा. जोड पक्का झाल्यावर पट्टी सोडायला विसरू नका. ती सालीत रुतली, तर खाली जाणारी साखर वरच अडते आणि मुळे उपाशी राहतात.