अर्धवेळ शालेय ग्रंथपालाने नवीन काय शिकावं, आणि शाळेला ग्रंथालयाचं महत्त्व कसं पटवावं?

तुम्ही अर्धवेळ आहात आणि उरलेल्या वेळात बदली तासाला वर्गावर पाठवतात, म्हणून थोडक्यात सांगतो.

शिकायचं तर आधी कोहा, म्हणजे ग्रंथालयाच्या नोंदी आणि देवघेव सांभाळणारं सॉफ्टवेअर. मोफत आहे, घरच्या कॉम्प्युटरवरही सराव होतो. ग्रंथालयशास्त्राची पदवी राहिली असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून करता येते. वेबिनारच्या प्रमाणपत्रांमागे मात्र धावू नका. बरेचसे हजेरीपुरतेच असतात.

खरी गोम दुसऱ्या प्रश्नात आहे. मुख्याध्यापकांपुढे 'वाचनसंस्कृती' वगैरे बोलून काही हलत नाही. देवघेव रजिस्टर उघडा आणि कोणत्या इयत्तेत किती पुस्तकं गेली, हे दर महिन्याला एका कागदावर मांडा. आठवीच्या रकान्यात भरपूर नोंदी आणि नववीत शुकशुकाट दिसला की वर्गशिक्षक स्वतःहून विचारायला येतात. तोच कागद पालक सभेतही वाचून दाखवा.

कायद्याचा आधार हवा असेल तर शिक्षण हक्क कायदा, २००९ ची अनुसूची बघा. प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकंही हवीत, असं तिथे स्पष्ट आहे. ग्रंथपालाचं पद मात्र त्यात नाही. आणि हा कायदा आठवीपर्यंतच. तेव्हा ठोकून बोलू नका, तोंडघशी पडाल.

पूर्णवेळ पदासाठी एकट्याने भांडू नका. तालुक्यातल्या चार-पाच शाळांचे ग्रंथपाल मिळून निवेदन द्या, सोबत हे मासिक कागद जोडा आणि पोच घ्यायला विसरू नका.