रत्नागिरीत वापरात असलेल्या जुन्या मोटरसायकलची नवी बॅटरीही उतरते. दोष कुठे शोधावा?

रेग्युलेटर-रेक्टिफायर (इंजिनकडून येणारी वीज बॅटरीला योग्य रूपात आणि मर्यादेत पुरवणारा भाग) बदलण्याआधी मल्टिमीटरने बॅटरीच्या टोकांवरील व्होल्टेज इंजिन बंद असताना आणि मध्यम गतीने चालू असताना मोजावे. १२ व्होल्टची पूर्ण चार्ज झालेली बॅटरी बंद स्थितीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना आकडा साधारण १३.५ ते १४.५ पर्यंत जायला हवा. तो वाढतच नसेल तर चार्जिंग पोहोचत नाही, १५ च्या वर गेल्यास बहुधा रेग्युलेटर सदोष असतो. किनाऱ्यावरील खाऱ्या, दमट हवेत कनेक्टर आणि चासीवरचा अर्थिंगचा जोड लवकर गंजतो, म्हणून स्टेटरवर (इंजिनमधील वीज तयार करणाऱ्या स्थिर गुंडाळीवर) संशय घेण्याआधी हिरवट थर चढलेली टोके घासून स्वच्छ करावीत. ही पायरी कृपया वगळू नये. ६ व्होल्टच्या गाड्यांना मात्र हे आकडे लागू होत नाहीत.