चकती ग्लासावर ठेवली की क्योबेस थांबतो

‘सगळे बाहेर नाचतायत आणि मी खोलीत. गेले तर आईबाबा काय म्हणतील, नाही गेले तर हे लोक काय म्हणतील?’ विद्यार्थी एक्स्चेंजवर परदेशी गेलेल्या मुलांचा हा मेसेज मला वर्षातून दोन-चारदा तरी येतो. या वेळी तो जर्मनीतल्या कोलोनहून आला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगी सोळा वर्षांची, घरी पूर्ण शाकाहारी, एका जर्मन कुटुंबात वर्षभरासाठी राहणारी.

कोलोनचा कार्निव्हल ११ नोव्हेंबरला सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी सुरू होतो. त्या दिवशी तिनं ‘डोकं दुखतंय’ म्हणून दार लावून घेतलं. यजमान आईनं चहा आणून दिला, डॉक्टरकडे जाऊ या म्हणाली. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या कार्यक्रमालाही डोकंच दुखलं, तेव्हा मात्र यजमान आई दुखावली. आपल्याकडे असल्या सबबीमागचं ‘नको’ समोरच्याला बरोबर कळतं. तिथे सांगितलेलं कारण खरं धरतात, आणि ते खोटं निघालं की प्रश्न सणाचा राहत नाही, विश्वासाचा होतो.

फेब्रुवारीत कार्निव्हलचे मुख्य सहा दिवस येणार होते. तिला विचारलं, ‘नेमकी भीती कशाची?’ ‘सगळ्याचीच.’ मग एकेक गोष्ट सुटी केली. दारू, गालावरचे मुके, वेश, खाणं, आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोचणारे फोटो.

सगळ्यात जास्त वेळ दारूवर गेला. जर्मनीत बिअर सोळाव्या वर्षापासून कायदेशीर आहे, त्यामुळे ‘मी लहान आहे’ हे कारण तिथे टिकत नाही. तिच्या एक्स्चेंज संस्थेचा नियम कडक होता, पण ती नियमाच्या आड लपली असती तर पुन्हा डोकेदुखीच झाली असती. म्हणून एकच वाक्य पाठ करून घेतलं: ‘इश ट्रिंके काइनेन आल्कोहोल, आबर इश फाइअर गेर्न मिट.’ मी दारू पीत नाही, पण सण साजरा करायला आवडेल. पुढे स्पष्टीकरण द्यायचं नाही, धर्म नाही, आजी नाही. स्पष्टीकरण दिलं की वाद सुरू होतो. फोनवर पाच-सहा वेळा मोठ्यानं म्हणवून घेतलं. पहिल्या तीन वेळा ‘आबर’पाशी आवाज पडत होता.

गंमत म्हणजे ‘पुरे’ म्हणायची खूण कोलोनकडे स्वतःचीच आहे. तिथली क्योल्श बिअर २०० मिलीच्या उभट ग्लासात येते. ग्लास रिकामा झाला की क्योबेस, म्हणजे तिथला वेटर, न विचारता दुसरा ठेवतो आणि ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीनं रेघ मारतो. नको असेल तर चकती ग्लासावर ठेवायची. तो थांबतो, कुणाला राग येत नाही. मित्र आग्रह करत असेल तर मात्र वरचं वाक्यच लागतं. आणि हातात शोर्ले, म्हणजे सोडा घातलेला सफरचंदाचा रस, आधीच असावी. भरल्या हाताला कुणी ग्लास देत नाही.

गालावरच्या मुक्याला ब्युट्सशन म्हणतात. नको असेल तर एक पाऊल मागे, हात पुढे, ‘नाइन, डांके’. त्यावरही कुणी अंगचटीला आलं तर ती प्रथा नव्हे, छेडछाड आहे. सरळ यजमान भावंडांकडे जायचं, गरज पडली तर पोलिसांचा ११० नंबर. गर्दीत फोन लागतीलच असं नाही, म्हणून चुकामूक झाली तर भेटायची जागा घरातून निघतानाच ठरवली.

वेशाचं सोपं निघालं. थंडी असते, म्हणून कोट आत मावेल असा ढगळ जोकराचा झगा. खाण्यात खरी अडचण मिरवणुकीत उधळल्या जाणाऱ्या गोळ्यांची, म्हणजे ‘कामेले’ची. चिकट गोळ्यांत बहुधा डुकराचं जिलेटिन असतं, पाकिटावर ‘Gelatine’ शोधायचं. उलट ‘हाल्वर हान’, शब्दशः अर्धा कोंबडा, म्हणजे राय पाव, लोणी आणि चीज. नाव ऐकून ती उपाशी राहिली असती!

फोटोंचं काम म्हणजे तिच्या इथल्या आईला समजावणं, तेही आधी. ‘असला कसला सण?’ असं त्यांनी विचारलं. गोव्याचा कार्निव्हल त्यांनी पाहिला होता. तोही याच दिवसांत, ख्रिश्चनांच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळाआधीचा, हे सांगितल्यावर त्या सैलावल्या. मग मुलीनंच गुरुवारी सकाळी जोकराचा फोटो पाठवला. दुसऱ्या कुणी ग्रुपवर टाकण्याआधी.

सहाही रात्री जायचं नाही, हे यजमान आईशी बोलून ठरलं. गुरुवारी शाळेतला कार्यक्रम, रविवारी शाळांची आणि मोहल्ल्यांची मिरवणूक, सोमवारी मोठ्या मिरवणुकीचे दोन तास. छत्री उलटी धरून गोळ्या झेलल्या, जिलेटिनवाल्या यजमान भावाला गेल्या. चाकांजवळ वाकून वेचायच्या नाहीत, हे त्यानंच तिला सांगितलं.

रडू आलं ते मंगळवारी रात्री. पबच्या दारावर टांगलेला ‘नुबल’ नावाचा पेंढ्याचा बाहुला, सगळ्यांची पापं त्याच्या माथी मारून, मध्यरात्री जाळतात. भारतात तेव्हा पहाटेचे साडेचार. मेसेज आला: ‘बोंब मारावीशी वाटली. इथे कुणाला कळणार?’ मी सकाळी उत्तर दिलं, पण तोवर यजमान आईनं डोळे का लाल म्हणून विचारलं होतं. या वेळी डोकं दुखत नव्हतं. तिनं होळीचं सांगितलं.