लायका खरा की रशियन?

प्रश्न : जुन्या बाजारात सोनेरी मुलाम्याचा, गरुडचिन्ह कोरलेला ‘लायका २’ हा जर्मन कॅमेरा मिळतोय. भाग मूळचे आहेत का, हे घेण्याआधी कसं ओळखू? – वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : सोनं आणि गरुड दिसताच सावध व्हा. असे बहुतेक कॅमेरे मुळात फेड किंवा झोर्की, म्हणजे लायकाच्या सोव्हिएत नकला असतात. वरचं नाव घासून ‘लायका’ कोरलेलं असतं.

लेन्स डावीकडे फिरवून काढा. ३९ मिलिमीटरच्या आट्यांच्या आत, वरच्या बाजूला रेंजफाइंडरची (फोकससाठी अंतर मोजणाऱ्या यंत्रणेची) दांडी दिसेल. लायकात तिच्या टोकाला फिरणारं गोल चाक असतं. फेड-झोर्कीत चाकाऐवजी चपटं, पाचरीसारखं टोक. कोरीव काम कुणीही करतो, पण ही दांडी बदलायच्या भानगडीत सहसा कुणी पडत नाही.

मग स्क्रू पाहा. खाचा चेचलेल्या असतील तर कॅमेरा उघडलेला आहे. शटरचा पडदा नवा असला तर मात्र बिचकू नका: रबर चढवलेलं जुनं कापड कडक होऊन चिरतं, ते बदलावंच लागतं. बॉडी आणि लेन्सचे क्रमांक वेगळे असणंही ठीकच, लायका ते स्वतंत्रच देत असे. शटरचा वेग तपासताना आधी वाइंड करा, म्हणजे फिल्म पुढे सरकवायची कळ फिरवा, मगच वेगाची चकती लावा.

चाक नसेल, तर झोर्कीचीच किंमत द्या.