कॉइलला मराठीत काय म्हणावं?

‘कॉइल’साठी वेटोळं, गुंडाळी, कुंडल यांपैकी नेमका कोणता शब्द वापरावा, असा प्रश्न आला आहे. माझं मत असं की एकच शब्द सगळीकडे चालवू नये. वस्तू कशी वळवली आहे आणि कशासाठी वळवली आहे, हे पाहून शब्द निवडावा.

एकाच पातळीत आत आत वळत गेलेलं ते वेटोळं. शास्त्रीय लेखनात त्याला सर्पिल म्हणतात. डास पळवायची कॉइल ही अशीच. जपानमध्ये एइइचिरो उएयामा यांनी १८९० साली सरळ कांडी काढली, पण ती पाऊण तासाच्या आतच जळून जाई. कांडी लांब करून वळवण्याची कल्पना त्यांच्या पत्नी युकी यांची. वेटोळ्यामुळे तेवढ्याच जागेत लांबी वाढली आणि धूर रात्रभर पुरू लागला. स्प्रिंगसारखं वर चढत जाणारं वळण मात्र मळसूत्री.

विजेच्या बाबतीत आकारापेक्षा फेऱ्यांची संख्या मोलाची. प्रत्येक फेऱ्याचं चुंबकीय क्षेत्र पुढच्यात मिळत जातं. फॅरडेने १८३१ मध्ये एकाच लोखंडी कड्यावर दोन ठिकाणी तार गुंडाळली. एकीतला प्रवाह चालू-बंद करताना दुसरीत क्षणभर वीज उमटली. ट्रान्सफॉर्मर याच तत्त्वावर चालतो: एका बाजूला १००० वेढे आणि दुसरीकडे ५० असतील, तर व्होल्टेज विसाव्या हिश्शावर येतं. इथे कुंडल हा शब्द चपखल बसतो, फक्त कुंडल आणि वेढा यांची गल्लत करू नये. कुंडल म्हणजे अख्खी गुंडाळलेली तार, वेढा म्हणजे तिचा एक फेरा. सॉलेनॉइडसाठी, म्हणजे नळीसारख्या लांब कुंडलासाठी, पाठ्यपुस्तकात असलेला ‘नालकुंतल’ तर मला फार आवडतो. नळीसारखी, कुरळ्या बटेसारखी तार! मोटर दुरुस्त करणारे मात्र ‘वाइंडिंग जळलं’ असंच म्हणणार, आणि तेही योग्यच आहे.

जुन्या ६० वॅटच्या बल्बमध्ये बरीच लांब टंगस्टनची तार इंचभर जागेत मावलेली असते. ती वळवतात जागेसाठी आणि उष्णता टिकावी म्हणून, चुंबकत्वाशी तिचा संबंध नाही. तिथे साधं ‘गुंडाळी’ म्हणावं.

वैद्यकात जास्त सांभाळावं लागतं. एमआरआय करताना गुडघ्याभोवती लावतात ती कॉइल शरीरातून येणारे रेडिओ संकेत टिपते. तिला ‘गुडघ्याचं कुंडल’ म्हटलं तर रुग्णाला दागिना आठवेल, म्हणून कॉइलच ठेवावं. मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आला असेल, तर बहुधा जांघेतल्या धमनीतून बारीक नळी वर नेऊन प्लॅटिनमची केसासारखी तार त्या फुग्यात सोडतात. ती आत आपोआप वळते, तिच्याभोवती रक्त गोठतं आणि फुग्यात रक्त शिरणं थांबतं. डॉक्टर याला कॉइलिंग म्हणतात. रुग्णासाठीच्या माहितीपत्रकात ‘तारेचं वेटोळं’ असं लिहिलं तर चित्र लगेच डोळ्यांपुढे उभं राहतं.

इंग्रजीत गर्भनिरोधक साधनालाही कॉइल म्हणतात, कारण १९६० च्या दशकातली काही साधनं खरोखर वळणदार होती. आताचं साधन ‘टी’ आकाराचं आहे, त्याच्या दांड्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते. भाषांतरात त्याला वेटोळं किंवा कुंडल म्हणणं सपशेल चूक. मराठीत त्याला ‘तांबी’ हा शब्द केव्हाच रुळला आहे, तोच लिहावा.